दादाच्या डोळ्यातला लाल ठिपका

त्या वर्षी सीमेवर लढाई चाललेली आणि ठाणे स्टेशनबाहेर बोटाएवढे लेझर टॉर्च विकायला आलेले. नौपाड्यातल्या आमच्या गल्लीत संध्याकाळ झाली की भिंतींवर नुसते लाल ठिपके पळायचे. मी तेव्हा नववीत. दादाचं एअरफोर्सचं सगळं झालेलं, फक्त मेडिकल बाकी. आईला तो जायलाच नको होता, कारण टीव्हीवर रोज तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या दिसायच्या.

समोरच्या गॅलरीतून दादाचा मित्र ओरडला, "आता लढाई अशीच होणार. बटण दाबलं की विमान खाली."

"येडा आहेस का?" दादा म्हणाला. "एवढी वीज कुठून आणणार, पॉवर हाऊस पाठीवर घेऊन? आणि ढग आले, धूळ आली की तुझा लेझर फुस्स."

"विमान कशाला पाडायचं? पायलटचा डोळा आहे ना." आणि त्याने गंमतीत दादाच्या उजव्या डोळ्यात ठिपका मारला.

दादा हसला. मग खालीच बसला. "मधोमध काळं दिसतंय गं," मला म्हणाला.  थोड्या वेळाने मी विचारलं, तरी काळंच.

आईने लगेच ठरवलं, नजर लागली. मीठ, मोहऱ्या, सुक्या मिरच्या ओवाळून तिने तापल्या तव्यावर टाकल्या. नजर असेल तर ठसका लागत नाही, असं आमच्याकडे मानतात. इथे तर अख्खं घर खोकायला लागलं, शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली. म्हणजे नजर नव्हतीच. म्हणजे खरंच डोळा गेलेला. आई तव्याकडे बघत तशीच उभी राहिली, आणि ते बघून मी जास्त घाबरले.

दादाने खोकत खोकत स्वतःचा टॉर्च पेटवला. धुरात लाल दोरी ताणल्यासारखी दिसली, पण भिंतीवरचा ठिपका पार फिका. "बघ, म्हटलेलं ना मी? साधा धूर केला की संपला."

हे सगळं तो डावा डोळा उघडा ठेवून बोलत होता. उजव्यावर हात.

सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो तर आम्हा तिघांचेही डोळे लाल. "लेझर नक्की कोणाला लागला?" डॉक्टर म्हणाले.  त्यांनी थेंब टाकले, अंधाऱ्या खोलीत नेलं, कितीतरी वेळ आत बघत राहिले. मी आईचा पदर धरून बसलेले, एवढी मोठी असून.

"पडदा ठीक आहे. काळं जाईल एक-दोन दिवसांत."

"मेडिकलला अडणार नाही ना?" दादाने विचारलं.

"डोळ्यांमुळे तरी नाही."

दादाने माझ्या डोक्यात टपली मारली. मी रडायलाच लागले, सुटल्यासारखं वाटून. आई मात्र उठलीच नाही.

"डॉक्टर," ती हळूच म्हणाली, "अजून एकदा बघता का? नीट?"