रेझिस्टरखालचे चार मिलिमीटर

टेबलावर अकरा बोर्ड पडले होते आणि अकराही एकाच जागी करपलेले.

"मंदाबाईचं सोल्डरिंग," साहेब म्हणाले. "सगळे सांधे सुटलेत. सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगा त्यांना."

अंबडच्या एका कारखान्यात मी प्रॉडक्शन बघते. कांद्याच्या चाळीत पंखे लावतात, त्यांचे कंट्रोलर आम्ही बनवतो. हे बोर्ड सटाण्याहून परत आले होते. पंखे बंद, कांदा सडतोय, गिऱ्हाईक तापलेलं. मंदाबाई बारा वर्षं आमच्याकडे कंत्राटावर. नवऱ्याची कंबर गेलेली, घर त्यांच्या एकटीच्या पगारावर.

"साहेब, दोन तास द्या."

"एक घ्या."

भिंग लावून बघितलं. सांधे सुटले होते, हे खरं. पण बोर्ड करपला होता पाच वॅटच्या रेझिस्टरच्या बरोबर पोटाखाली. रेझिस्टर करंटला अडवतो, म्हणून तापतो. छोटे रेझिस्टर बोर्डाला टेकवून बसवले तरी चालतात. हा मोठा, पांढरा, चिनी मातीचा ठोकळा. हात लावला तर फोड येईल. त्याला त्याच्या तारांवर उचलूनच बसवायचं, खालून हवा खेळली पाहिजे. टेकला की बोर्ड भाजतो आणि तापून-निवून सांधे तडकतात. हे अकराही टेकलेले होते. कपाटातला जुना बोर्ड काढला, तर त्यात चांगली चार मिलिमीटरची फट.

मंदाबाईंना बोलावलं.

"आधी उचलून बसवायचात. आता टेकवले कशाला?"

त्या जरा घुटमळल्या. "रागावू नका, मॅडम. आधी मी खाली कुल्फीच्या काड्या ठेवायचे. दोन एकावर एक चिकटवून. सोल्डर झालं का ओढून घ्यायचे. उंची लय बरोबर यायची. ऑडिटच्या आधी तुम्हीच टाकून दिल्या ना? म्हणालात, हा काय कचरा मांडलाय."

अगं बाई! आठवलं. ऑडिटसाठी टेबलं लखलखीत करायची म्हणून मीच मूठभर काड्या उचलून डब्यात टाकल्या होत्या.

"मग तेव्हाच सांगायचं नाही का?"

"सांगितलं की. तुम्ही म्हणालात, ड्रॉइंगमध्ये हायेत का काड्या? ड्रॉइंगमध्ये नाय त्या."

बोर्ड कसा जोडायचा ते ड्रॉइंग उघडलं. काड्या सोडा, उंचीच लिहिलेली नव्हती. खाली सही माझी.

खरं सांगते, क्षणभर वाटलं, गप्प बसावं. सांधे सुटलेच होते, कोणाला कळणार होतं? मग त्या विचाराचीच लाज वाटली आणि उठले.

"चूक माझी आहे, साहेब." सगळं सांगितलं.

साहेबांनी बोर्ड उलटसुलट करून पाहिला. "म्हणजे बारा वर्षं आपला माल कुल्फीच्या काडीवर चालला होता?"

"हो."

"आणि ती तुम्ही फेकलीत."

"हो."

मेमो मला मिळाला. मंदाबाई सोमवारी नेहमीसारख्या आल्या. ड्रॉइंगमध्ये उंची लिहिली. रेझिस्टरच्या तारांत आता चिनी मातीचे मणी ओवतो, म्हणजे टेकवायचा म्हटला तरी टेकत नाही. सटाण्याला नवे बोर्ड गेले, त्यातला एकही परत आलेला नाही.

मंदाबाईंची माफी मागितली, तेव्हा त्या म्हणाल्या, "जाऊ द्या, मॅडम. पण पुढच्या वेळी सही करायच्या आधी मला दाखवत जा."

दाखवते. आतापर्यंत तीन ड्रॉइंगं त्यांनी परत पाठवली आहेत. तिन्हींत चूक होती.