कौलांच्या कारखान्यात मीटर आले, त्याची गोष्ट

आमच्या कारखान्यामागे फुटक्या कौलांचा ढीग होता. रोज दोन-चार पडायची आणि वर्षाअखेर टेकडी व्हायची. किश्श्यांचंही तसंच झालं. मी तिथे कारकून होतो, म्हणजे कौलं मोजायला कमी आणि किस्से गोळा करायला जास्त!

कारखाना मालवणजवळ, खाडीच्या काठी. मालक अण्णा. साठ सालच्या आसपास त्यांचे पुतणे विनायकराव मुंबईहून इंजिनियर होऊन आले. कामगार त्यांना धाकले शेट म्हणायचे. आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, "यापुढे या कारखान्यात अंदाज बंद. फक्त आकडे!"

हे ऐकून सगळे हसले, एक गुणाजी सोडून. गुणाजी म्हणजे आमचा भट्टीवाला. तीस वर्षं भट्टीच्या भोकातून आतल्या जाळाचा रंग बघायचा आणि जाळ नेमका कधी थांबवायचा ते सांगायचा. नुसता अंदाज हाच त्याचा धंदा! मला हळूच म्हणाला, "भाऊ, आकडे इले तर माका घराक पाठवतले. माका दुसरा काय येता?"

*

पहिलं आलं पंचिंगचं घड्याळ. कार्ड आत सरकवायचं, टण्ण आवाज होऊन वेळ उमटायची. आठवड्याने विनायकरावांनी कार्डं तपासली आणि लाल झाले.

"हे सगळे मिळून कट करतायत! सोमवारी आठला आले. मंगळवारी पावणेनऊला. बुधवारी साडेनऊला. रोज ठरवून पाऊण तास उशीर?"

अर्धे कामगार खाडीपलीकडचे. होडी भरतीवर सुटायची आणि भरती रोज पाऊण तास पुढे सरकायची. अख्ख्या कारखान्याला ठाऊक होतं, फक्त घड्याळाला कोणी सांगितलं नव्हतं!

गुणाजी शांतपणे म्हणाला, "धाकले शेट, तुमचा घड्याळ बरा आसा. पण ता खाडयेक दाखवलास काय?"

*

मग कौलं दाबायच्या प्रेसला काउंटर बसला. दांडा ओढला की आकडा पुढे. चारच आकड्यांचा, पण दिसायला झकास. प्रेसवरची सावित्रीबाय तर रोज सकाळी त्याला पदराने पुसायची.

एका दुपारी तिने बोंब मारली, "खाल्ल्यान गो! सगळा खाल्ल्यान!"

आम्ही धावलो. नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव झाले होते आणि पुढच्या कौलाला काउंटरवर चारही शून्यं! विनायकरावांनी तिला अर्धा तास समजावलं. ती दांड्याला हात लावायला तयार नाही. "आधी माझी कौलां परत करूक सांगा तेका. मगे बघूया."

शेवटी विनायकरावांनी खडू घेतला आणि काउंटरच्या डावीकडे, पत्र्यावर, स्वतःच्या हाताने एक मोठा '१' काढला.

सावित्रीबायने तो नीट न्याहाळला. "आता कसो माणसात इलो!" म्हणाली आणि दांडा ओढला.

*

तिसरा आला भट्टीचा मीटर. भट्टीच्या पोटात सळई, सळईला तार, तारेच्या टोकाला भिंतीवर तबकडी. काटा फिरला की आतली उष्णता कळणार. म्हणजे थेट गुणाजीच्या पोटावर पाय!

आमच्याकडे भट्टी पेटवण्याआधी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायची रीत. गाऱ्हाणं घालायचा मान गुणाजीचा, मागून होकार भरायचा आम्हा सगळ्यांचा. त्या दिवशी काय बोलतोय म्हणून आम्ही कान देऊन उभे.

"बा देवा म्हाराजाऽऽ! मुंबैसून हो जो काटो इलेलो आसा, तेका हयचो वारो बाधा नये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेका तापाची सवय नाय, तेचा डोक्या फिरा नये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तेका घेवन इलेल्याचाय डोक्या जाग्यार ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज विनायकरावांचा. हात जोडून, डोळे मिटून!

*

मीटरचं रीडिंग दर तासाला वहीत लिहायचं काम माझ्याकडे आलं. विनायकराव आठवडाभर मुंबईला गेले. परत येऊन त्यांनी वहीवरून आलेख काढला आणि खुशीत अण्णांना दाखवला. "बघा, किती सुंदर रेघ आलीय! अख्ख्या मोसमात अशी आली नव्हती."

अण्णा म्हणाले, "सुंदर येणारच. त्या आठवड्यात भट्टी बंद होती."

ती रीडिंगं कोणी लिहिली ते विचारू नका. कारकून एकच होता!

*

पण विनायकराव भलत्याच गोष्टीने हैराण होते. गुणाजी "बस्स, थांबवा" म्हणायचा तेव्हा काटा दर वेळी एकाच आकड्यावर असायचा. नऊशे साठ! त्यांना खात्री पटली, म्हातारा चोरून तबकडी बघतो.

अण्णांनी निकाल लावायचं ठरवलं. तबकडी ऑफिसात हलवली. भर दुपारी दार लावून आत अण्णा, विनायकराव आणि मी. बाहेर भट्टीशी गुणाजी. काटा दहा आकडे जरी इकडेतिकडे झाला, तर गुणाजी उद्यापासून घरी.

नऊशे वीस. नऊशे चाळीस. नऊशे पन्नास. विनायकराव घाम पुसत होते.

"बस्स! थांबवा!"

नऊशे साठ. केसभर कमी नाही की जास्त नाही!

आम्ही तिघेही बाहेर पळालो. अण्णा जोरात म्हणाले, "ठरलं! गुणाजीच्या जिवात जीव आहे तोवर भट्टी त्याची!"

विनायकरावही दिलदार माणूस. सरळ गुणाजीसमोर जाऊन उभे राहिले आणि हात पुढे केला. "गुणाजी, हरलो मी. एवढा बारीक रंग ओळखणारी नजर मी जन्मात पाहिली नाही!"

गुणाजी खूश झाला. दोन्ही हात जोडून, शेजारच्या खांबाकडे बघत म्हणाला, "तुमचे उपकार झाले, धाकले शेट. पण तुमी खंय उभे आसात?"