जर्मनमधून गर्जणाऱ्या शुभदाकाकू

शुभदाकाकूंना ओरडता येतं हे मला माहीत नव्हतं. सिल्व्हर पार्कमध्ये त्या चौथ्या मजल्यावर राहतात, आम्ही तिसऱ्या. वरून कधी खुर्ची सरकल्याचाही आवाज आला नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्या बोलण्यासाठी हात वर करतात. कुणाचं लक्ष गेलं नाही की हळूच खाली घेतात.

त्या जर्मन शिकवतात. घरच्या हॉलमध्येच क्लास आहे. बहुतेक विद्यार्थिनी नर्स. परीक्षा पास झाल्या की त्या जर्मनीला जातात, काकू इथेच. पहिल्या दिवशी काकू एक वाक्य शिकवतात. "वो टूट एस वे?" म्हणजे, कुठे दुखतंय? वर्ग एका सुरात सांगतो, डोकं. पुस्तकात पहिलं चित्र डोक्याचं आहे.

दोन वर्षांपूर्वी त्या क्लासला केतन आला. भाईंदर पूर्वेला त्याचा गाळा आहे. आजोबांची मिठागरं होती. वडिलांनी पॉवर प्रेस घेतला आणि पत्र्यातून स्टीलच्या वाट्या काढू लागले. केतनला जर्मनीला जायचं नव्हतं. त्याला इंडस्ट्रियल मेटल वाजवायचं होतं. म्हणजे गिटार, आरडाओरडा आणि यंत्राचा ठोका.

"ठोका घरचाच आहे, मॅडम," तो म्हणाला. "पण आपल्या भाषेत ओरडलो की आई आतून विचारते, जेवलास का?"

त्याने जर्मनमध्ये लिहिलेलं गाणं वाचून दाखवलं. काकूंनी चष्मा काढला.

"असं पुटपुटतात का? एकेक अक्षर चावायचं."

आणि त्यांनी ती ओळ म्हणून दाखवली. खाली माझ्या हातातला चहा सांडला. मला वाटलं, सिलिंडर फुटला.

केतनने माईक काकूंना देऊन टाकला. बँडचं नाव 'ब्लेश', म्हणजे पत्रा. केतन गिटारवर. त्याची चुलत बहीण चांदणी प्रेसच्या पेडलवर. काकू गायिका. शुक्रवारी गाळ्यांना सुट्टी, तेव्हा रेकॉर्डिंग. अल्बमच्या कव्हरवरचा मजकूर लिहायला मला घेतलं.

"मराठीत एम.ए. केलंस ना, सान्वी?" केतन म्हणाला. "बघ, जर्मन बँडने तुला काम दिलं."

सात गाणी झाली. आठवं काकूंनी स्वतः लिहिलेलं. शब्द क्लासमधलेच. कुठे दुखतंय? श्वास घ्या. सोडा. कुठे दुखतंय?

"सात गाण्यांत आवाज माझा आहे, पण म्हणणं केतनचं," काकू मला जिन्यात म्हणाल्या. "हे एकच माझं. हे राहून गेलं, तर या अल्बममध्ये मी नाहीच."

तेवढ्यात प्रेस विकला गेला. शनिवारी सकाळी नवा मालक टेम्पो आणणार होता. आमच्याकडे एकच शुक्रवार उरला.

त्या शुक्रवारी गाळ्यात शिरलो तर प्रेसला झेंडूचा हार. हळदकुंकू. पायाशी फुटलेला नारळ. बाजूला केतनची आई, शांतीबाई, हात जोडून उभ्या. केतन कपाळाला हात लावून बसलेला. मशीनला निरोपाची पूजा हवी, असं आईचं म्हणणं. शनिवारी घाई होईल, आजच उरकून घे, हे सांगणारा केतनच.

"आई, फक्त पाच मिनिटं चालवतो."

"न्हाय. निरोप दिला. निरोप दिलेल्याला परत कामाला जुंपतात?"

"अगं, मशीन आहे ते!"

"तुझा बाप रिटायर झाला, तवा त्याला बोलावलास परत?"

"ते स्वतःच येतात रोज!"

"म्हणून तर मशीन विकलं."

काकूंनी हात वर केला. कुणी पाहिलं नाही. या वेळी त्यांनी तो खाली घेतला नाही.

"शांतीताई, तुमच्याकडे गणपती बसतो?"

"बसतो की."

"उत्तरपूजा घरी करता. मग खाडीवर नेऊन काय करता?"

शांतीबाई म्हणाल्या, "आरती."

"निरोप दिल्यावर?"

"निरोप दिल्यावरच."

"मग हे तेच."

"ही आरती हाय?"

"आरतीच."

"कंच्या भाषेत?"

"जर्मन."

शांतीबाईंनी प्रेसकडे पाहिलं. "हे तर राजकोटचं. ह्याला कलंल?"

"ठोका कळेल," काकू म्हणाल्या.

शांतीबाईंनी पदर सारखा केला. "करा. पन एकदाच. आरती चुकली म्हणून कुनी परत म्हनत न्हाय."

चांदणीने पत्रा सरकवला. पेडल दाबलं. धाड. एक वाटी. धाड. दुसरी. केतनची गिटार करवतीसारखी सुरू झाली. काकूंनी पदर खोचला.

"वो टूट एस वे!"

शटर थरथरलं. टेबलाखालचं मांजर उभ्या उभ्या उडालं. वाट्या टोपलीत पडत होत्या, हार हलत होता आणि शांतीबाई टाळ्या वाजवू लागल्या. आरतीच्या टाळ्या, बरोबर ठोक्यावर. मी ओढणी तोंडात कोंबली. हसले असते तर टेक गेला असता.

शांतीबाई माझ्या कानाशी आल्या. "काय बोलते ती?"

"कुठे दुखतंय, विचारतायत."

शेवटचा ठोका पडला. काकू गप्प झाल्या. केतनने तारा दाबून धरल्या. पुढे दहा सेकंद पूर्ण शांतता रेकॉर्ड करायची, असं ठरलं होतं.

चौथ्या सेकंदाला शांतीबाई म्हणाल्या, "गुडघ्यात. डाव्या."

"आई!" केतनने गिटारवर डोकं टेकलं. मग स्वतःला सावरलं. "मॅडम, टेन्शन नको. तेवढं कापून टाकतो."

काकू घामाने भिजल्या होत्या. आवाज पार बसला होता.

"हात लावायचा नाही," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "अठ्ठावीस वर्षं विचारतेय मी. सगळे डोकंच सांगतात."

त्यांनी स्टूल ओढलं, शांतीबाईंच्या समोर बसल्या आणि त्यांचा डावा गुडघा हलकेच दाबून पाहिला.

"कधीपासून?"

रेकॉर्डिंग चालूच होतं.