काटा अर्ध्यावर

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी नाशिक रोडहून परत येताना, द्वारका चौकाच्या सिग्नलला आमच्या गाडीचा तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला आणि, खरं सांगतो, मला आधी आनंद झाला. सातपूरच्या कारखान्यात माझं कामच ते. मशीन बिघडलं की मूळ कारण शोधायचं. एकदा 'का' विचारायचं, उत्तर मिळालं की त्यावर पुन्हा 'का', असं पाच वेळा. घरात मला ही संधी कुणी देत नाही. दुसऱ्या 'का'लाच बायको दळणाचा डबा हातात देते.

आनंद घरी पोहोचेपर्यंतच टिकला. दुसऱ्या दिवशी आईला नांदगावला न्यायचं होतं, तिच्या थोरल्या बहिणीकडे. मावशी गेल्या वर्षी पडली तेव्हापासून घराबाहेर निघत नाही, आणि आईच्या गुडघ्यांना ना बसची पायरी झेपते, ना रेल्वेची. दोघी रोज फोनवर बोलायच्या. पण उन्हाळ्यापासून मावशीला फोनवर ऐकूच येईना. आई इकडून ओरडायची, तिकडून मावशी "कोण बोलतंय?" विचारायची. दोन वर्षांत तोंड पाहिलं नव्हतं आणि आता आवाजही संपला होता. आईने अनारसे तळून डबा बांधून ठेवला होता. तिने एवढंच विचारलं, "अरे, जमेल ना?"

"सकाळी दहापर्यंत गाडी तयार," मी म्हणालो. नेहमीच्या मेकॅनिकला फोन केला तर तो गावाला गेलेला. सोमवारी बघतो म्हणाला, आणि तोवर कशाला हात लावू नका म्हणाला. मला नेमकं हेच कुणीतरी म्हणायला हवं होतं.

त्याच उत्साहात मी गरम इंजिनावरचं पाण्याचं झाकण उघडायला गेलो. बायकोने माझा हात वरच्यावर पकडला. कुकरची वाफ जिरल्याशिवाय झाकण काढू नये हे तिला कारखान्यात न जाता ठाऊक होतं.

सकाळी सातला इंजिन थंडगार. मी लेकीची जुनी वही घेतली आणि पानावर 'का?' लिहून त्याखाली रेघ मारली. टाकी कूलंटच्या पाण्याने भरलेली. रात्रभर गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं होतं, ते कोरडं. म्हणजे गळती नाही. मग काटा चढतो का? तेव्हा आठवलं, की काल गाडी पळत होती तोवर काटा खाली होता, सिग्नलला थांबलो की चढायचा. मी वहीत ठळक अक्षरात लिहिलं: चालवणाऱ्याची सवय. आणि बायकोला समजावून सांगितलं, की गेला आठवडाभर तिने गाडी कॉलेज रोडच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रखडवली, त्याचा हा परिणाम.

"बरं," ती म्हणाली, "आता माझं इंजिन उघडून बघा."

लेक हसली. तिने मोबाइलचा टॉर्च धरला होता. तिलाच मी गाडी सुरू करायला सांगितली. इंजिन तापलं तसे मी पाण्याचे दोन्ही पाइप फडक्याने हळूच चाचपले. वरचा गरम, खालचाही गरम. पाणी फिरत होतं. मग एसी लावायला लावला. एसी लागला की पुढच्या जाळीमागचा पंखा घरघरतो. तो घरघरला नाही. गाडी पळताना वारा आपसूक लागतो, थांबली की पंखाच लागतो. काल संध्याकाळपासून काटा मला हेच सांगत होता, आणि मी बायकोचे गिअर मोजत होतो.

गाडी बंद करून किल्ली बायकोच्या हातात दिली आणि बॅटरीची एक वायर काढली, कारण हे पंखे किल्ली नसतानाही मनात आलं की फिरतात. थंड होऊ दिलं. मग बोटाने पातं ढकललं तर जागचं हलेना. आत तपकिरी काहीतरी गच्च बसलेलं दिसत होतं.

"गंज," मी जाहीर केलं.

"बाबा, गंजाला पाकळ्या असतात?" लेकीने टॉर्च जवळ नेला.

झेंडू होता. वाळून चुरा झालेला झेंडू, आणि पंख्याच्या दांड्याला दहा-बारा वेढे घेतलेला नायलॉनचा दोरा.

आता दसऱ्याचं सांगावं लागेल. कारखान्यात खंडेनवमीला प्रत्येक मशीनला हार घालतो. मला वाटलं, गाडीच्या नुसत्या टपाला कसला हार, राबतं ते इंजिन. म्हणून बाहेर मोठा हार घातलाच, शिवाय बॉनेट उघडून पंख्याच्या कडेला एक छोटा बांधला. यंदा तुटू नये म्हणून नायलॉनच्या दोऱ्यात ओवून. नमस्कार केला, बॉनेट लावलं, आणि सगळ्यांना कॉलेज रोडला आइस्क्रीम खायला घेऊन गेलो. तो हार सुकत सैल होत गेला आणि काल पंख्यात ओढला गेला असणार. आणि दरवर्षी नव्या कामगारांसमोर उभं राहून मीच सांगतो: पूजा झाली की मशीन सुरू करण्याआधी हार काढायचा. बोट वर करून सांगतो.

बायकोने वहीतली 'चालवणाऱ्याची सवय' वाचली आणि वही मिटून मला परत दिली.

दोरा काही निघेना. माझी बोटं जाड, पक्कड त्याहून जाड. आई पायऱ्यांवर बसून सगळं बघत होती. ती आत जाऊन क्रोशाची सुई घेऊन आली. "वाकवू नकोस," म्हणाली. त्या आकडीने एकेक वेढा उचलत, लेकीच्या टॉर्चखाली, मी अर्धा तास दोरा सोडवत बसलो. पातं मोकळं झालं. बोटाने टिचकी मारली तर गरकन फिरलं. मी वायर जोडली, गाडी सुरू केली, एसी लावला.

पंखा ढिम्म.

दहाला पाच कमी होते. आईने डबा मांडीवर घेतला होता, तो हळूच बाजूला ठेवला. ते बघून मी पाचवा 'का' विचारला. अडकलेल्या मोटरने जोर लावला असणार, मग फ्यूज उडाला असणार. इंजिनाशेजारचा काळा डबा उघडला. तीस नंबरचा हिरवा फ्यूज आतून जळून तुटलेला, आणि तसाच एक जादा फ्यूज झाकणातच ठेवलेला. गाडी बंद करून तो बसवला, पुन्हा सुरू केली. पंखा असा घरघरला, की वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत आल्या. मी त्यांनाही पाचही 'का' सांगितले असते, पण बायकोने मला गाडीत बसवलं.

टोलनाक्याच्या रांगेत गाडी उभी राहिली तेव्हा मी काट्याकडे पाहिलं. काटा अर्ध्यावर. चांदवडला अर्ध्यावर, मनमाडच्या गर्दीत अर्ध्यावर. दर पाच मिनिटांनी मी ते मोठ्याने सांगत होतो. मनमाडनंतर आई म्हणाली, "मला काटा नको सांगूस, नांदगाव आलं की सांग."

मावशीच्या दारात पोहोचलो तेव्हाही मी इंजिन बंद केलं नाही. उभ्या गाडीत पंखा आपोआप लागतो का, ते बघायचं होतं. काट्यावर डोळे लावून बसलो. पंखा लागला, आणि मी विजयाने मान वर केली तर मागची सीट रिकामी.

दोघी ओट्यावर होत्या. मावशीने आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला होता, आणि आई तिच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होती. भेटल्या त्या क्षणी काय झालं ते मला बायकोने नंतर सांगितलं. सांगतानाही ती डोळे पुसत होती.

मावशीने अंगणातल्या झेंडूचा हार करून ठेवला होता. लय लांबून आली, म्हणून गाडीला घालायला. ती काठी टेकत निघाली तशी आईने तिचा हात धरला आणि कानात, पण अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, "अक्का, गाडीला नको. याच्या गळ्यात घाल."

मी मान वाकवली. या वेळी दोऱ्याकडे आधी नीट बघून घेतलं. सुती होता.