निजलेली लेकरं

ज्या दुपारी सरकारी साहेब तपासणीला आले, त्या दुपारपासून आमच्या वाडीचं पाळणाघर बंद झालं.

ते चालवणाऱ्या बाईंना सगळे आक्का म्हणत. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी वाडीच्या शाळेत शिकवत असे आणि पाळणाघराची खोली शाळेला लागूनच होती. आक्का नेहमी कुजबुजत बोलत. दिवसभर निजलेल्या लेकरांत वावरून आवाजच तसा झाला होता. काष्टीच्या बाजारात त्या वांग्यांचा भावही कुजबुजत करत. भाजीवाली म्हणे, "आक्का, वांगी काय चोरून नेती का गं?"

लेकरांच्या आया लिंबं तोडायला जात. अशा मजूर बायकांच्या मुलांसाठी सरकार अनुदान देई, पण ते एका संस्थेच्या हाती पडे. संस्थेच्या अध्यक्षांकडून खाऊ कधी येई, बहुतेकदा येत नसे. तो नसला की आक्का लेकरांना लवकर निजवत आणि कितीतरी वेळ थोपटत राहत. "निजलंय तवर भूक लागत न्हाई, बाई," त्या मला म्हणत.

त्या दुपारीही खोलीत लेकरं निजली होती. बूट काढावे लागू नयेत म्हणून साहेब दारातच थांबले. म्हणाले, "झोपलेली मुलं हजर कशी धरायची?"

"आक्का, उठव की जरा," सोबत आलेले अध्यक्ष हसत म्हणाले. "मळ्यावर मटण निवतंय साहेबांचं."

आक्का त्यांच्याजवळ गेल्या. "उठली की खायाला मागत्याल, दादा. अन् खाऊ तर तुमी धाडलाच न्हाई."

ती कुजबुज मला शाळेच्या व्हरांड्यात ऐकू आली, म्हणजे साहेबांनाही आलीच असणार. त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि उभ्यानेच काहीतरी लिहिलं. मुलं गैरहजर, असं लिहिल्याचं मागाहून कळलं. संध्याकाळी मळ्यावरून त्यांची जीप परतली तेव्हा साहेब दात कोरत होते.

अनुदान थांबलं. बाईच्या हट्टापायी लेकरांचं नुकसान झालं, असं अध्यक्ष गावभर सांगत फिरले. आक्का कांदा काढायला जाऊ लागल्या. माझ्या वर्गातल्या दोन मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहिल्या. त्या शाळेत परत आल्या नाहीत.

मागच्या महिन्यात आक्का गेल्या. दहाव्याला अध्यक्ष आले. माइक हातात घेऊन त्यांनी आक्कांना वाडीची माउली म्हटलं आणि कोरडे डोळे रुमालाने टिपले. मी उठून घरी आले.

पाळणाघराच्या खोलीत आता संस्थेचं कार्यालय आहे. वाडीत पाळणाघर नाही.