श्रीरंगनं सांगितलेला भूकंप

श्रीरंग मूळचा औसा तालुक्यातला. सुरतेत येऊन त्याला अकरा वर्षं झाली होती. लिंबायतमध्ये एक खोली आणि लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, बारा तासांची पाळी. लग्न झालं नव्हतं. गावाकडं आपलं म्हणावं असं एकच माणूस होतं, थोरली बहीण इंदुबाई. आई लवकर गेली, तेव्हा तिनंच त्याला खाऊपिऊ घालून वाढवलं होतं.

लातूरकडच्या भूकंपात इंदुबाईचं घर बसलं. नवरा गेला. इंदुबाई वाचली, आणि तिची आठ वर्षांची लेक शीतल ढिगाऱ्याखालून जिवंत निघाली.

पुढच्या उन्हाळ्यात, चौऱ्याण्णव साली, भूकंपग्रस्तांच्या मदतीसाठी काढलेला एक सिनेमा सुरतेत लागला. पंधरा-सोळा नावाजलेले नट-नट्या एकाच सिनेमात, आणि कुणी एक पैसा घेतला नव्हता. गोष्ट मात्र निव्वळ हसवणारी. एका नवरदेवाची वरात चुकून भलत्याच घरी जाते आणि पुढं सगळाच गोंधळ. कापड व्यापाऱ्यांच्या एका मंडळानं पहिला खेळ घेतला. खेळाआधी तिकडच्या एखाद्या माणसानं दोन शब्द बोलावेत, असं त्यांच्या मनात आलं. खात्यातल्या खानदेशी सुकलाल मास्तरनं श्रीरंगला पुढं ढकललं. "तूच बोल ना भाऊ. तुनाच गावनी गोट शे."

श्रीरंग आयुष्यात पहिल्यांदा माईकसमोर उभा राहिला. दोन वाक्यं बोलून उतरायचं, एवढंच ठरवलं होतं. पण सातआठशे माणसं एकदम गप्प झाली आणि त्याच्या तोंडून भलतंच निघालं. "मी पोचलो तवा घर नव्हतंच. या हातांनी माती उकरली. आधी भाचीचा हात दिसला…"

बाया डोळ्यांना पदर लावायला लागल्या. मंडळाच्या शेटनं त्याच्या अंगावर शाल घातली, पहिल्या रांगेत बसवलं. मग सिनेमा सुरू झाला आणि श्रीरंग पोट धरून हसला. हसताहसता शाल खांद्यावरून खाली पडली. ती उचलायला तो वाकला आणि त्याचं हसू तिथंच थांबलं.

कारण श्रीरंगनं काही उकरलं नव्हतं. तो गावी पोचला पाचव्या दिवशी. रेडिओवर बातमी ऐकून दुसऱ्याच दिवशी निघाला होता खरा, पण औरंगाबादच्या स्टँडवर लोक बोलत होते, त्या भागात काही उरलं नाही म्हणून. त्याचे पायच उचलेनात. लातूरची गाडी लागली, गेली. दुसरी लागली, तीही गेली. असे दोन दिवस तो बाकावर बसून राहिला. आपण जाऊन बघत नाही तोवर अक्का जिवंत आहे, असं त्याला वाटत होतं.

त्या भाषणानंतर गल्लीत त्याचा मान वाढला. चहावाला पैसे घेईना. खरं सांगायचं तो रोज ठरवायचा आणि रोज पुढं ढकलायचा.

जूनमध्ये इंदुबाई शीतलला घेऊन सुरतेला आली. पोरीला इथल्या मराठी शाळेत घालायचं होतं. पहिल्याच दिवशी शेजारच्या मालतीबाई दारात आल्या. "भाऊ असावा तर असा, ताई! लेकीला हातांनी उकरून काढलं म्हणे."

इंदुबाईनं एकदा श्रीरंगकडं बघितलं. मग म्हणाली, "हो. लई केलं त्यानं."

श्रीरंगला वाटलं, तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तिनं त्या दिवशी विचारलं नाही, नंतरही नाही.

पंधरा दिवसांनी मंडळानं रविवारी सकाळी आणखी एक खेळ ठेवला. शेटनं निरोप धाडला, "श्रीरंगभाई, वही बात फिरसे बोलना." गल्लीला पास मिळाले. मालतीबाई इंदुबाईला आणि शीतलला बरोबर घेऊन आल्या.

श्रीरंग माईकसमोर गेला. चौथ्या रांगेत अक्का मान खाली घालून बसली होती. शीतल पडद्याकडं बघत होती.

"मागं मी खोटं बोललो," तो म्हणाला. "मी उकरलं नाही. माझ्या बहिणीनं उकरलं, एकटीनं. गावात गेल्यावर कळलं मला. मी भिऊन औरंगाबादच्या स्टँडवर बसलो होतो. दोन दिवस."

कुणी टाळी वाजवली नाही. मागून कुणीतरी "उतर खाली" म्हणालं. शेटनं घाईघाईनं माईक घेतला आणि सिनेमा सुरू करायला सांगितला. श्रीरंग बाहेर पायऱ्यांवर येऊन बसला. आतून हसण्याचा पहिला लोंढा आला, तेवढ्यात इंदुबाई बाहेर येऊन शेजारी बसली.

"दोन दिवस?" तिनं विचारलं.

"हो, अक्का."

"मी रोज रस्त्याकडं बघत होते. प्रेतं जाळायला माणूस नव्हतं, श्रीरंगा."

तो रडायला लागला. तिनं त्याला जवळ घेतलं नाही, पण उठूनही गेली नाही. "खोटं बोललास त्याचा राग नाही मला," ती म्हणाली. "पण ते माझं होतं. तू नेऊन लोकांना वाटलंस."

गल्लीत पुढं महिनाभर लोक त्याला टाळायचे. सुकलाल मास्तर तेवढा आधीसारखाच बोलायचा. इंदुबाई सुरतेतच राहिली. साड्यांना टिकल्या लावायचं काम तिनं धरलं. शीतल शाळेत जायला लागली.

श्रावणातल्या एका दुपारी टिकल्या लावताना मालतीबाईंनी भीतभीत त्या दिवसाचं विचारलं आणि इंदुबाई पहिल्यांदाच बोलली. श्रीरंगला त्या दिवशी सुट्टी होती. तो उंबऱ्यात बसून ऐकत होता. आधी हात नव्हताच दिसला. दिसला तो पाय, आणि तो मेलेल्या माणसाचा वाटून इंदुबाई अर्धा तास दुसरीकडंच उकरत राहिली होती. मग त्या पायाची बोटं हलली.

श्रीरंगला यातलं काहीच माहीत नव्हतं. सगळ्या गावाला सांगत सुटला होता, पण अक्काला त्यानं कधी विचारलंच नव्हतं.