नळीखालची खूण

आमचा हातमाग आधी बंद पडला, मग चुलीत गेला. सूत मिळेनासं झालं होतं आणि सरपणही नव्हतं. बाबांनी कुऱ्हाडीनं एकेक सांधा फोडला, आईनं जाळला. प्रत्येक सांध्यावर सुतारानं छिन्नीनं पाडलेल्या खुणा होत्या. ज्या दोन लाकडांवर सारखी खूण, ती एकमेकांत बसायची. लाकडं जळताना मी त्या खुणा बघत राहायची.

मग बाबा इतवारीच्या बाजारात जुन्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या दुकानात लागले. कोष्ट्याचा हात, बारीक कामाला बसला. त्या कामावर मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजचं फाटकही पाहिलं नव्हतं, हे मी आजही मान वर करून सांगते.

त्याच वर्षी एका मालगुजार जमीनदारानं आपल्या पणजोबाची ठासणीची बंदूक दुकानात दिली. घोडा पडत नव्हता, तो बाबांनी बसवला. न्यायला मालगुजार आला तेव्हा सोबत एक गडी होता आणि बंदूक विकत घेणारा एक शौकीन. मी डबा घेऊन आले होते. शौकिनानं भिंग लावून नळी पाहिली आणि म्हणाला, विलायती नळीवर मुकुटाचा शिक्का असायला हवा, तो नाही. नळी बदललेली आहे.

मालगुजारानं बाबांकडे पाहिलं. गड्यानं त्याच बंदुकीच्या दस्त्यानं बाबांच्या तोंडावर हाणलं. दात फरशीवर पडले. मग त्यानं बाबांचा डावा हात बाकावरच्या लोखंडी शिकंज्यात घातला आणि दांडा फिरवला. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुकानमालक आधीच मागच्या दारानं गेला होता.

मालगुजार शांतपणे म्हणाला, "असली नळी कोणाले विकली, सांगत काहून नाही? आता उजवा घालू का?"

मी मधे पडले आणि बंदूक धरली. गड्यानं थोबाडीत दिली, कान सुन्न झाला. तरी बंदूक सोडली नाही. लाकूड खोलून पाहा, म्हटलं.

"कालेजात बंदुका शिकवून राहिले का वं?" गडी हसला.

"माग शिकली मी."

पेचकस मीच घेतला. एकेक पेच काढला. नळी उलटी केली. पोटाशी, जिथं लाकूड झाकतं, तिथं छिन्नीच्या चार उभ्या रेघा आणि एक फुली. घोड्याच्या पट्टीच्या आत तीच खूण. लाकडाच्या खाचेतही तीच. शौकिनानं तिन्ही खुणांवर भिंग धरलं आणि मान हलवली. नळी मूळचीच, म्हणाला.

"मंग शिक्का कोठी गेला?" मालगुजारानं विचारलं.

"मालक, दसऱ्याच्या पूजेले हिले कोण घासते?" मी विचारलं.

"आमच्या आज्यापासून घरचेच. विटेची भुकटी न चिंच. आरशावाणी दिसली पाहिजे."

"तुम्हीच घासला मंग."

 मालगुजारानं गड्याच्या कानशिलात अशी दिली की तो भिंतीवर आदळला, आणि शिकंजा स्वतःच्या हातानं सैल केला. माफी मागितली नाही.

बाबांच्या डाव्या हाताची बोटं कायमची गेली. उजवा हात वाचला, आणि बाबा चोर ठरले नाहीत. त्यांनी त्या एका हातानं म्हातारपणापर्यंत काम केलं. मी संग्रहालयात लागले आणि जुन्या शस्त्रांच्या दालनाची प्रमुख झाले.